भर उन्हात फुटबॉल: मॅचच्या आधी, मॅच चालू असताना आणि कोणी कोसळलं तर काय करायचं

कडक उन्हात मॅच असली की बहुतेक टीम एकच तयारी करतात, पाण्याच्या बाटल्या जास्त घेतात. पाणी लागतंच, त्याबद्दल वाद नाही, पण हीटस्ट्रोक म्हणजे नुसतं पाणी कमी पडणं नाही, अंगात तयार होणारी उष्णता बाहेर पडायला वाटच मिळत नाही तेव्हा तो होतो, आणि भरपूर पाणी प्यायलेला, ठणठणीत तब्येतीचा खेळाडूसुद्धा त्यात सापडतो. उलट जो सगळ्यात जास्त पळतो आणि बाहेर ये म्हटलं की हात झटकतो त्याचाच नंबर आधी लागायची भीती असते. म्हणून हे सगळं मी कोच, कॅप्टन, मॅनेजर आणि बेंचवर बसणाऱ्यांसाठी लिहितोय. खेळणाऱ्याला त्रास झाला तर तो सांगेलच, या भरवशावर राहू नका, कारण ज्या डोक्याने त्याने ते ओळखायचं ते डोकंच गरमीत आधी बिघडतं. त्यामुळे जे काही ठरवायचं ते किक-ऑफच्या आधी, शांत डोक्याने, आणि जो खेळत नाहीये अशा माणसाने ठरवायचं.

आधी अंगात काय होतं ते समजून घ्या

पळताना स्नायू जी एनर्जी वापरतात त्यातली २०-२५ टक्केच प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येते, बाकी सगळी उष्णता होते. मैदानावरचा खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० ते १२ किलोमीटर कापतो, त्यात स्प्रिंट आले, अचानक थांबणं आलं, उड्या आल्या, म्हणजे अंगातली भट्टी दीड तास चालूच. ही उष्णता घालवायला शरीराकडे मुख्य उपाय दोनच. एक म्हणजे रक्त कातडीकडे वळवायचं आणि तिथून उष्णता हवेत सोडायची, दुसरा म्हणजे घाम. आता कातडीचं तापमान असतं ३५ अंशांच्या आसपास, हवा त्याहून गरम झाली की पहिला उपाय संपला, उलट हवाच अंग तापवायला लागते. राहिला घाम, आणि घामाचं असं आहे की तो अंगावरून गळून खाली पडला तर काडीचा उपयोग नाही, अंगावरच वाळला तर तो उष्णता घेऊन जातो, एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो, आणि जर्सी पिळून काढता येईल इतका घाम आलाय म्हणून आपल्याला वाटतं की शरीर मस्त थंड होतंय. तसं नसतं.

त्यात हृदयाची ओढाताण होते. स्नायूंना रक्त पाहिजे, कातडीलाही पाहिजे, आणि घामावाटे पाणी गेल्यामुळे एकूण रक्तातलं पाणीच कमी झालेलं, म्हणून त्याच वेगाने पळताना ठोके जास्त पडतात. पोटाकडचं रक्त कमी होतं, मळमळतं. आतलं तापमान एरवी ३७, मॅचमध्ये ३९ पर्यंत जाणं नेहमीचंच आहे आणि त्याने काही बिघडत नाही, पण ते ४० च्या वर गेलं आणि त्याबरोबर मेंदूचं कामकाज गडबडलं की त्याला हीटस्ट्रोक म्हणतात, आणि तिथून पुढे किती मिनिटं अंग तापलेलं राहिलं यावर लिव्हर, किडनी, स्नायू यांचं किती नुकसान होणार ते ठरतं. म्हणजे ताप किती चढला यापेक्षा तो किती वेळ राहिला हे जास्त महत्त्वाचं, हे लक्षात ठेवा, खाली ते परत लागणार आहे.

खेळावर काय परिणाम होतो हेही बघण्यासारखं आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच खेळाडूंना एकदा २१ अंशांत आणि एकदा ४३ अंशांत मॅच खेळायला लावली. गरमीत एकूण पळणं ७ टक्क्यांनी कमी झालं, पण जोरात पळणं तब्बल २६ टक्क्यांनी. आणि गंमत म्हणजे पास बरोबर पोचायचं प्रमाण वाढलं, साधारण ८ टक्क्यांनी. याचा माझ्या मते सरळ अर्थ असा की अनुभवी खेळाडू आपोआप जपून खेळतात, दम वाचवतात, बॉल पायाशी ठेवतात. धोका आहे तो असं जपून न खेळणाऱ्याला, म्हणजे सिलेक्शनसाठी जीव तोडून पळणारा नवीन मुलगा, किंवा कोच बाहेरून ओरडतोय म्हणून प्रेस करत राहणारी, म्हणजे समोरच्याकडे बॉल असला की सारखी त्याच्या अंगावर धावून जाणारी मुलगी.

फोनवरचं तापमान बघून ठरवू नका

फोनमधलं ॲप सांगतं ते सावलीतलं हवेचं तापमान. मैदानावर ऊन असतं, दमटपणा असतो, वारा असतो किंवा नसतो. हे सगळं एकत्र धरणारा आकडा म्हणजे वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर, सगळे त्याला डब्ल्यूबीजीटी म्हणतात, १९५० च्या दशकात अमेरिकन सैन्याने ट्रेनिंगमध्ये जवान कोसळायला लागले म्हणून तो काढला. हिशोब सोपा आहे: ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा आकडा गुणिले ०.७, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातला आकडा गुणिले ०.२, आणि साध्या हवेचं तापमान गुणिले ०.१, तिन्हींची बेरीज. बघा, हवेच्या तापमानाला फक्त एक दशांश किंमत आहे.

उदाहरण घेऊ. एका मैदानावर हवा ४० अंश, पण कोरडी, ओला थर्मामीटर २२, काळा गोळा ५२. बेरीज येते २९.८. दुसऱ्या मैदानावर हवा ३५ च, पण दमट, ओला थर्मामीटर २८, काळा गोळा ५०. बेरीज येते ३३.१. म्हणजे ४० अंशांपेक्षा ३५ अंश जास्त घातक, आणि फोन बघून ठरवलं असतं तर आपण नेमकी चुकीची मॅच रद्द केली असती. हातात धरायचं मीटर मिळतं, प्रत्येक क्लबला जमलं नाही तर लीगने एक घ्यावं. मोजायचं ते मैदानातच, उन्हात, कमरेच्या उंचीवर, क्लबहाऊसच्या सावलीत उभं राहून नाही. किक-ऑफच्या अर्धा तास आधी एकदा आणि हाफटाइमला परत एकदा.

मर्यादा कुठली धरायची? फिफा वर्षानुवर्षं ३२ च्या वर कूलिंग ब्रेक असं धरत आलं आहे. खेळाडूंची आंतरराष्ट्रीय युनियन फिफप्रो म्हणते २६ ला ब्रेक सुरू करा आणि २८ च्या वर मॅच पुढे ढकला. दोघांत बराच फरक आहे. मला विचाराल तर आपण हौशी लोकांनी फिफप्रोचा आकडा धरावा, कारण फिफाच्या मॅचला बाजूला डॉक्टर, बर्फाचे टब, ॲम्ब्युलन्स आणि वर्षभर ट्रेनिंग केलेले खेळाडू असतात, आपल्याकडे यातलं बहुतेक वेळा काहीच नसतं.

आर्टिफिशियल टर्फ असेल तर अजून कडक राहा. कडक उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो, साधं गवत त्याच उन्हात कितीतरी थंड राहतं कारण गवतातून पाणी वाफ होऊन उडत असतं. टर्फवर पाणी मारलं तर थोडा वेळ थंड वाटतं, मग परत तेच. बुटाच्या तळव्यातून चटका लागत असेल तर तिथे लहान मुलांना खेळवू नका, मुलं उंचीने कमी म्हणजे तापलेल्या जमिनीच्या जास्त जवळ, आणि दमलो म्हणून स्वतःहून थांबायची अक्कल त्यांच्याकडून अपेक्षितच नाही.

सवय लावायला दोन आठवडे

सगळ्यात जास्त फायदा देणारी गोष्ट फुकट आहे आणि तरी लोक तीच करत नाहीत. शरीराला गरमीची सवय लावता येते, ७ ते १४ दिवस लागतात. पहिल्या ३ ते ५ दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, मग ठोके कमी पडायला लागतात, घाम लवकर सुटायला लागतो आणि जास्त सुटतो, आणि त्यातून मीठ कमी जातं. पण हे नुसतं उन्हात बसून होत नाही, रोज तास-दीड तास घाम येईल एवढी हालचाल त्याच गरमीत करावी लागते. आणि एसीत दोन-तीन आठवडे काढले तर बरीचशी सवय मोडते, म्हणजे सुट्टीवरून परत आलेला खेळाडू कितीही फिट असला तरी त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

पहिले तीन-चार दिवस तासाच्या आतली, हलकी प्रॅक्टिस. नंतर वेळ वाढवा, मग जोर वाढवा, दोन्ही एकाच दिवशी वाढवू नका. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा प्रॅक्टिस नको. शिक्षा म्हणून राऊंड मारायला लावणं तर बंदच करा, उन्हाळ्यात तर आधी बंद करा, शिक्षेच्या राऊंडमध्ये मुलगा थांबायची हिंमत करत नाही आणि तिथेच गोष्टी हाताबाहेर जातात. सीझनच्या सुरुवातीचे दिवस हे सगळ्यात धोक्याचे असतात, हे अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी फार मोठी किंमत देऊन शिकलंय. मिनेसोटा व्हायकिंग्सचा कोरी स्ट्रिंगर २००१ साली सीझनच्या आधीच्या कॅम्पमध्ये हीटस्ट्रोकने गेला, ऑगस्टच्या पहिल्या तारखेला. व्यावसायिक खेळाडू, सगळ्या सोयी असलेली टीम, तरीसुद्धा. त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात एक संस्था आहे, ती याच विषयावर काम करते.

काहींना त्या दिवशी सरळ बसवायचंच, चर्चा नको. ताप येऊन गेलाय, जुलाब-उलट्या झाल्यात, रात्रभर झोप नाही, आदल्या रात्री दारू झालीय, हे सगळे धोका वाढवणारे प्रकार आहेत आणि त्यातही ताप आणि जुलाब असतील तर अजिबात नाही. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, लघवी जास्त व्हायच्या गोळ्या, एडीएचडीची (लक्ष न लागण्याच्या त्रासाची) औषधं यांनीही अंग थंड होण्यात अडथळा येतो, तर कोण काय घेतंय हे खाजगीत विचारून ठेवा आणि डॉक्टरशी बोलायला सांगा, औषध स्वतःच्या मनाने बंद करायला सांगू नका. ज्याला आधी एकदा हीटस्ट्रोक झालाय त्याच्यावर वेगळं लक्ष.

पाणी: कमीही नको आणि ढोसायचंही नाही

प्रत्येकाचा घाम वेगळा. कोणाला तासाला अर्धा लिटर, कोणाला दोन लिटर, म्हणून 'सगळ्यांनी इतके लिटर प्या' असला सल्ला निरुपयोगी आहे. वजनकाटा वापरा. प्रॅक्टिसच्या आधी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन करायचं, नंतर अंग पुसून परत. समजा आधी ६५ किलो, नंतर ६३.८, आणि मध्ये ६०० मिली पाणी प्यायला, तर घाम गेला १.८ लिटर, दीड तासात, म्हणजे तासाला १.२. हा त्याचा आकडा. आता वजनातली घट २ टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न करायचा, ६५ किलोच्या माणसाला १.३ किलो, म्हणजे वरचा खेळाडू जेमतेम आत बसतोय. गरम दिवशी आणि थंड दिवशी दोन्हीकडे हे करून बघा, आकडे वेगळे येतील.

मॅचच्या चारेक तास आधी किलोमागे ५ ते ७ मिली, म्हणजे ६० किलोच्या खेळाडूने ३०० ते ४०० मिलीच्या आसपास, हळूहळू. लघवी गडद असेल तर अजून थोडं. थंड पाणी चालतं का असं विचारतात, चालतं म्हणजे काय, थंडच द्या, माणूस जास्त पितो आणि आतूनही थोडा थंड होतो. ज्याच्या जर्सीवर पांढरे मिठाचे डाग पडतात त्याला साध्या पाण्यापेक्षा मीठ असलेलं ड्रिंक किंवा ओआरएस बरं.

आता दुसरी बाजू. मॅचनंतर वजन आधीपेक्षा जास्त भरलं तर ते वाईट लक्षण आहे, म्हणजे घामापेक्षा पाणी जास्त गेलं. रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, बोटं सुजतात, बोलणं बरळल्यासारखं होतं, आणि तेव्हा कोणीतरी 'अरे याला पाणी द्या' म्हणून अजून पाजतो, याने माणूस मरू शकतो. भीतीपोटी दर पाच मिनिटाला बाटली तोंडाला लावायची गरज नाही.

मॅचचा दिवस

पहिला प्रश्न: ही मॅच याच वेळेला खेळायची गरज आहे का? सकाळी लवकर किंवा सूर्य उतरल्यावर नाही का होणार? कतारचा २०२२ चा अख्खा वर्ल्ड कप उन्हामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेला, तर आपली लीग मॅच दोन तास पुढे न्यायला काय हरकत आहे. उलट उदाहरणही आहे, १९९४ च्या अमेरिकेतल्या वर्ल्ड कपला युरोपातल्या टीव्हीच्या वेळा सांभाळायला भर दुपारच्या मॅच ठेवल्या होत्या, ऑरलँडोला मेक्सिको-आयर्लंड मॅचमध्ये आयरिश खेळाडूंचे जे हाल झाले ते अजून लोक सांगतात.

खेळायचंच असेल तर वॉर्मअप छोटा करा, दहा-बारा मिनिटं पुरे, जमलं तर सावलीत. उन्हात २५ मिनिटांचा वॉर्मअप म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आधीच अंग तापवून ठेवणं. शेवटच्या अर्ध्या तासात बर्फाचा चुरा घातलेलं ड्रिंक थोडं थोडं घ्यायचं, किलोमागे साधारण ७ ग्रॅम, याने आतलं तापमान थोडं खाली येतं आणि तेवढी जागा पुढे पळायला मिळते, पण हे आधी प्रॅक्टिसला करून बघा कारण काहींचं पोट बिघडतं, कपाळ दुखतं. बेंचवाल्यांना उन्हात ताटकळत ठेवू नका. २०२५ च्या क्लब वर्ल्ड कपला सिनसिनाटीमध्ये बोरुसिया डॉर्टमुंडच्या सब्स्टिट्यूट खेळाडूंनी पहिला हाफ ड्रेसिंग रूममध्ये बसून बघितला, लोक हसले, पण एकदम शहाणपणाचं काम होतं ते. तंबू नसेल तर छत्र्या लावा.

ब्रेकचं रेफ्री आणि समोरच्या कॅप्टनशी आधीच बोलून ठेवा. खेळाच्या नियम ७ मध्ये दोन वेगळे ब्रेक आहेत, पाणी प्यायचा एक मिनिटापर्यंतचा आणि अंग थंड करायचा दीड ते तीन मिनिटांचा. अंग थंड करायचा घ्या. साधारण ३० आणि ७५ व्या मिनिटाला घेतात, २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी तर फिफाने हवा कशीही असो, प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटांचा ब्रेक जाहीर केला. आणि या तीन मिनिटांत काय करायचं ते ठरवून ठेवा, नाहीतर अकरा जण उन्हात गोल करून उभे आणि कोच बोर्डावर बाण काढतोय असं होतं. सावलीत या, बर्फाच्या पाण्यातले टॉवेल मानेवर-डोक्यावर, पाणी, मग बोलणं. बोलण्याचा उपयोग आहेच, २०१४ च्या वर्ल्ड कपला फोर्टालेझात मेक्सिकोविरुद्ध मागे पडलेल्या नेदरलँड्सच्या कोच फान खालने कूलिंग ब्रेकमध्येच खेळायची पद्धत बदलली आणि मॅच २-१ ने काढली, स्वतः नंतर तसं सांगितलंही. पण टॉवेल आधी, टॅक्टिक्स नंतर. आणि रेफ्रीला पण पाणी विचारा हो, तो तेवढाच पळतो आणि त्याच्या जागी उतरायला बहुतेक वेळा दुसरा कोणी नसतो.

हाफटाइमला पंधरा मिनिटं असतात, ती वाया घालवू नका. सावली किंवा पंखा, जर्सी काढा, कोपरापर्यंत हात थंड पाण्याच्या बादलीत पाच-दहा मिनिटं, जाताना कोरडी जर्सी घाला, कारण चिंब झालेली जर्सी अंगाला चिकटून हवा लागू देत नाही. खेळताना पूर्ण ९० मिनिटं प्रेसिंग विसरा, ठराविक पाच मिनिटं दाबा आणि मग बॉल ठेवा. विंगर आणि फुलबॅक, म्हणजे कडेने खेळणारे, सगळ्यात जास्त स्प्रिंट मारतात, त्यांना आधी बदला, ६० व्या मिनिटाला, स्कोअर काय आहे ते न बघता.

कोण बिघडतोय हे कसं ओळखायचं

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या. पहिली, दमणूक: चक्कर, मळमळ, चेहरा पांढरा, पायात गोळे, पण माणूस शुद्धीत आहे, नाव विचारलं की नाव सांगतो, स्कोअर विचारला की शिव्या घालून का होईना पण बरोबर सांगतो. याला बाहेर काढा, सावलीत झोपवा, पाय थोडे वर, ओलं करा, वारा घाला, पाणी द्या. पंधरा-वीस मिनिटांत सुधारायला पाहिजे, नाही सुधारला तर हॉस्पिटल. सुधारला तरी त्या दिवशी परत मैदानात नाही.

दुसरी, हीटस्ट्रोक, आणि ती डोक्यातून दिसते. चुकीच्या गोलकडे पळतो. सोप्या पासवर थांबून बघत राहतो. एरवी शांत असलेला एकदम अंगावर येतो, किंवा बोलका माणूस गप्प. पाय लटपटतात, बोलणं अडखळतं, 'मी ठीक आहे' हे मात्र व्यवस्थित म्हणतो. लोकांना वाटतं की कातडी कोरडी पडली, घाम थांबला तरच हीटस्ट्रोक. खेळाडूंच्या बाबतीत हे चूक आहे, घामाने निथळत असतानाच होतो. कपाळाला लावायचं किंवा काखेत धरायचं थर्मामीटर इथे खोटं बोलतं, घामामुळे कमी दाखवतं, खरा आकडा फक्त गुदद्वारात घालायच्या थर्मामीटरने कळतो आणि ते ट्रेनिंग घेतलेल्या माणसाचं काम आहे. तसा माणूस नसेल तर आकड्याची वाट बघू नका. गरमी आहे, पळत होता, डोकं ठिकाणावर नाही: हीटस्ट्रोक धरून चाला. चूक निघालं तर एक माणूस उगाच भिजला, एवढंच.

एक अपवाद. धाडकन पडला, हाक मारली तर हालचाल नाही, श्वास नाही किंवा आचके देतोय, तर ते हृदय थांबलेलं असू शकतं, तिथे लगेच सीपीआर (छाती दाबणं) आणि एईडी (हृदयाला शॉक द्यायचं मशीन), थंड करणं नंतर.

कोसळला तर: आधी थंड करा, मग हलवा

हा सगळ्या लेखातला मुख्य भाग. आपली सवय असते की उचला आणि गाडीत घाला. रस्त्यात अर्धा तास गेला तर तो अर्धा तास अंग आतून तापत राहतं, आणि वर म्हटलं तसं किती वेळ तापलेलं राहिलं यावरच सगळं आहे. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आलं तर जगण्याची शक्यता फार चांगली असते. अमेरिकेत फॉलमथला ऑगस्टमध्ये एक रोड रेस होते, अंतर ११ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका मॅचएवढंच. तिथे १८ वर्षांच्या नोंदींत हीटस्ट्रोकच्या २७४ केस होत्या, उपचार एकच, मैदानावरच बर्फाच्या पाण्याच्या टबात, आणि सगळेच्या सगळे वाचले.

तर टब आणा. अंग मानेपर्यंत बुडेल असा मोठा, सावलीत, टचलाइनजवळ, मॅचच्या आधीच अर्ध्याच्या वर पाण्याने भरलेला, बर्फ शेजारी आईसबॉक्समध्ये. कोणी पडलं की एक जण ॲम्ब्युलन्सला फोन करतो, एक जण गेटवर जाऊन उभा राहतो आणि गेटची किल्ली त्याच्याचकडे असते, आणि चौघं जण त्याला उचलून टबात घालतात. कोण काय करणार ते नाव घेऊन आधी ठरवा, वेळ आल्यावर सगळे गोल करून उभे राहतात आणि कोणीच काही करत नाही. बूट, शिनगार्ड निघाले तर काढा, नाही निघाले तर तसाच घाला. बर्फ ओता, पाणी १५ अंशांच्या खाली पाहिजे. काखेखालून छातीभोवती टॉवेल किंवा चादर घालून एकाने मागून धरून ठेवायचं म्हणजे डोकं बुडणार नाही. पाणी सारखं ढवळत राहा, नाहीतर अंगाजवळचं पाणी गरम होऊन बसतं. तो ओरडेल, हात झटकेल, बाहेर काढा म्हणेल, काढू नका. थर्मामीटरवाला माणूस असेल तर आतलं तापमान ३९ च्या खाली आलं की काढायचं. नसेल तर १० ते १५ मिनिटं, साधारण तीन ते पाच मिनिटांना एक अंश उतरतो असा हिशोब आहे.

टब नसेल तर ताडपत्री. त्यावर त्याला झोपवा, सगळ्यांनी कडा वर धरून खोलगट करा, आत पाणी आणि बर्फ, आणि हलवत राहा, हे जवळपास टबाच्या तोडीचं काम करतं आणि ताडपत्री गाडीच्या डिकीत मावते. तीही नसेल तर पाइपचं पाणी सतत, किंवा बर्फाच्या पाण्यात भिजवलेले भरपूर टॉवेल डोक्यावर, छातीवर, मांड्यांवर, आणि दर दोन-तीन मिनिटांनी बदलायचे कारण टॉवेल अंगावर पटकन गरम होतात. नुसत्या काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवणं पुरत नाही, सोबत चालेल. पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन काही देऊ नका, हा इन्फेक्शनचा ताप नाही, त्या गोळ्यांनी उतरत नाही आणि लिव्हर-किडनीवर वरून भार पडतो. डोकं ठिकाणावर नसताना तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं.

ॲम्ब्युलन्स मध्येच आली तर त्यांना सांगा की थंड करणं चालू आहे, किती मिनिटं झाली ते सांगा, आणि शक्य असेल तर पूर्ण होऊ द्या. म्हणून कोणीतरी घड्याळ लावून वेळ लिहून ठेवा, कधी पडला, कधी पाण्यात घातला, कधी काढला. टबातून निघून एकदम नॉर्मल बोलायला लागला तरी हॉस्पिटलमध्ये न्यायचंच, रक्त तपासायचं, कारण लिव्हर आणि किडनीचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही डोकं वर काढतो. मॅचनंतर घरी गेलेल्यांपैकी कोणाची लघवी कोलासारखी गडद आली आणि स्नायू प्रचंड दुखत असतील तर तोही थेट हॉस्पिटलचा मामला, स्नायू फुटून किडनीवर आलेलं असतं.

नंतर

शेवटची शिट्टी वाजली की लगेच एका जागी थांबू नका किंवा बसकण मारू नका, पाच मिनिटं चाला, नाहीतर रक्त पायात साठतं आणि चक्कर येते, ती साधी असते पण उगाच घाबरगुंडी उडते. वजन करा, गेलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पुढच्या काही तासांत, मीठ असलेल्या जेवणाबरोबर, एका दमात नाही. टूर्नामेंटमध्ये दुसऱ्या दिवशी परत मॅच असेल तर हे नीट करा, कारण आदल्या दिवशीची गरमी दुसऱ्या दिवशी अंगात हिशोब धरून असते, पाणी भरून निघालेलं नसतं आणि झोपही धड झालेली नसते.

ज्याला हीटस्ट्रोक झाला त्याने निदान एक आठवडा काहीच व्यायाम करायचा नाही, मग डॉक्टरने तपासून, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर, आधी थंड वातावरणात हलकं, मग हळूहळू गरमीची सवय परत पहिल्यापासून, दोन आठवड्यांची, कोणाच्या तरी नजरेखाली. सेमीफायनल आहे म्हणून यातला एकही दिवस कापायचा नाही, आणि तो स्वतः 'मी फिट आहे' म्हणत असेल तर ते ऐकून घ्यायचं आणि टीम शीटवर त्याचं नाव लिहायचं नाही.